दाराबाहेरची ओळ

“पण सर, चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी नाटक आमच्या दहावीच्या पोरांनी वाचावंच कशाला?”

वैजनाथ खरमाटे ओट्यावर टेकतो न टेकतो तोच सुरू झाला. तालुक्याच्या हायस्कुलात तो इंग्रजी शिकवतो. एकदा बोलायला लागला की ऐकणाऱ्याने पाठ टेकायला भिंत शोधावी.

भांबुरे सर चिंचा फोडत बसले होते. हेच नाटक त्यांनी त्याच शाळेत तीस वर्षं शिकवलं. वैजनाथलाही त्यांनीच शिकवलं.

“पाणी घे आधी,” सर म्हणाले.

पाणी तसंच राहिलं. वैजनाथने पिशवीतून नाटकाचं पुस्तक काढून मांडीवर ठेवलं, मग अर्ज काढला. नाटक अभ्यासक्रमातून वगळा, अशी अभ्यास मंडळाला विनंती. खाली सरांच्या सहीला जागा सोडलेली. सरांची सही असली की मंडळ ऐकणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“शेवटचा प्रवेशच बघा ना. पोरगा लढाईवरून परत येतो. आई ओळखत नाही, दार लावायला लागते. तो म्हणतो, ‘आई, दार लावू नकोस, मी चालत आलोय.’ या एवढ्याशा ओळीला सहा टिपा! मी सगळ्या लिहून देतो. पोरं पाठ करतात... आणि पेपरात जागा कोरी सोडतात.”

“तुला आवडतं का रे ते नाटक?”

वैजनाथने पुस्तकाची पानं उगाच चाळली.

“आवडायचं,” तो म्हणाला. “आता त्या तासाला जायचीच भीती वाटते, सर. पोरांचे चेहरे बघवत नाहीत.”

सरांनी धोतराला हात पुसले. अर्ज घेतला. त्याच्या मांडीवरचं पुस्तकही घेतलं. उठले, उंबरा ओलांडून आत गेले, आणि दार लावायला लागले.

“सर?”

दार निम्मं लागलं.

“अहो सर... थट्टा करताय का?”

बोटभर फट उरली.

“सर, नका ना दार लावू! फाट्यापासून भर उन्हात चालत आलोय मी...”

आपण काय बोललो, ते त्याच्याच कानावर पडलं. तो उठून दारापाशी आला.

फटीतून सरांचा आवाज आला, “आता इंग्रजीत.”

पुस्तक तर आत होतं. तरी त्याने ओळ म्हटली. आधी घाईघाईने. मग पुन्हा एकदा, सावकाश, दारावर हात ठेवून. दुसऱ्या वेळी ती ओळ त्याला आपलीच वाटली, आणि त्याला आनंदच झाला.

दार उघडलं.

वैजनाथने ओट्यावरचा तांब्या उचलला आणि घटाघटा रिकामा केला. अर्ज त्याने परत मागितला नाही. उगाचच हसत होता.

“पण सर, माझ्या वर्गात बावन्न पोरं आहेत. एवढ्यांना हे कसं शिकवू?”

सर पुन्हा चिंचांपाशी बसले.

“सगळ्यांना बाहेर काढ,” ते म्हणाले, “आणि दार लाव.”