धुक्यातली पाटी

एकदा एका वृद्ध अक्षरकाराच्या दारी त्याची जुनी शिष्या भल्या सकाळी येऊन उभी राहिली. खांद्याला कागदांची लांब गुंडाळी होती, डोळ्यांखाली जागरणाच्या खुणा होत्या, आणि मनात एक बारीक सल होती, जी तिने वाटेत कोणाला दाखवली नव्हती.

वृद्धाचे नाव दिगंबरपंत. कोल्हापुरात त्यांनी उभी हयात चित्रपटांची नावे हाताने रंगवली, कलाशाळेत मुलांना अक्षर शिकवले, आणि हात थरथरू लागले तसे ते आंबोलीच्या घाटमाथ्यावर एका लहानशा घरात येऊन राहिले. शिष्येचे नाव शलाका. ती त्यांच्या हाताखाली शिकली होती आणि आता पुण्यात स्वतःचे काम करीत होती.

भाद्रपदाचे दिवस होते. पाऊस ओसरला होता, पण धुके हटायला तयार नव्हते. ते दरीतून सावकाश वर येई, रस्ता ओलांडी, पंतांच्या ओसरीवर क्षणभर टेकल्यासारखे करी आणि पलीकडच्या झाडीत शिरे. तिथे पोचल्यापासून शलाकाला वाटत होते, की आपण अजून एसटीतच डुलक्या घेत आहोत आणि हे सारे मिटल्या डोळ्यांआड चालले आहे.

चहा झाल्यावर तिने येण्याचे कारण सांगितले.

तिचा मित्र निरंजन याने एक चित्रपट केला होता. सावल्यांचा, अपराधाचा, ज्या जातीला चित्रपटवाले नुआर म्हणतात तसला. बंदराच्या गावातली एक एकटी बाई पळून आलेल्या माणसाला घरात थारा देते. तो अपराधी की निरपराध, हे तिला शेवटपर्यंत कळत नाही. चित्रपटाचे नाव ‘आडोसा’. त्या नावाची अक्षरे शलाकाने करायची होती.

“केली, सर. पुन्हा पुन्हा केली. प्रत्येक वेळी तो मान हलवतो. शेवटी म्हणाला, ‘तुझ्या अक्षरांना सगळं आधीच माहीत आहे.’ याचा अर्थ काय लावायचा? दसऱ्यापर्यंत जमलं नाही, तर तो संगणकातली तयार अक्षरं घेणार आहे. माझं काम तर जाईलच. पण मला भीती वेगळीच वाटते. मला अंधार कळतच नाही की काय, अशी.”

पंतांनी गुंडाळी उलगडली. पहिल्या कागदावर शिरोरेघ सुरीच्या पात्यासारखी निमुळती होत गेली होती. दुसऱ्यावर ‘डो’च्या मात्रेतून लाल थेंब ओघळत होता. तिसऱ्यावर अक्षरांना तडे गेले होते. हात उत्तम होता, यात शंका नव्हती. पंत एकेक कागद जवळ घेऊन पाहत राहिले. बरे म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत.

“यातलं तुझं सगळ्यात आवडतं कुठलं?”

तिने सुरीच्या पात्याचा कागद दाखवला. पंतांनी तो एका फळीवर चिकटवला, वरून पारदर्शक प्लास्टिक गुंडाळले आणि रस्त्यापलीकडच्या जांभळीच्या बुंध्याला नेऊन बांधला. परत येऊन ते म्हणाले, “इथे ओसरीवर बस आणि वाच.”

“काय वाचू?”

“जे लिहिलं आहेस ते.”

शलाका बसली. धुके विरळ होते तेव्हा तिने नाव वाचले, सुरी पाहिली, आणि मग पाहण्यासारखे काही उरले नाही. तिची नजर कौलांवरून ठिबकणाऱ्या पाण्याकडे गेली, मग अंगणाच्या शेवाळलेल्या दगडी गडग्याकडे. रस्त्याने माणसे गेली. एकाने फळीकडे पाहून म्हटले, “खुनाचा शिनेमा दिसता,” आणि चालता चालताच पुढे गेला. धुके दाट झाले तशी आधी सुरीची धार गेली, मग सारेच गेले. पण तिला त्याचे काही वाटले नाही. दिवस असाच संपला. सर आता थकले असावेत, असे तिच्या मनात येऊन गेले आणि त्या विचाराची तिला लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी पंतांनी काळी रंगवलेली एक फळी आणि पांढऱ्या रंगाचा डबा तिच्यापुढे ठेवला.

“तेच नाव लिही. पण एखादा सभ्य गृहस्थ आपल्या दारावर नाव लिहून घेतो ना, तसं. सरळ, स्वच्छ. कुठेही कारागिरी दाखवायची नाही.”

“सर, ही काय शाळेची पाटी आहे?”

“असू दे शाळेची.”

तिने लिहिले. कितीतरी काळाने ती असे साधे अक्षर लिहीत होती. ‘आ’चा काना सरळ खाली आणताना तिचा श्वास आपोआप मंद झाला. रंग वाळल्यावर पंतांनी जुनी फळी सोडवली आणि ही तिथे बांधली.

त्या दिवशी धुके निराळेच होते. भिंतीसारखे उभे न राहता ते पाण्यासारखे वाहत होते. कधी शिरोरेघ तेवढी दिसे, हवेत तरंगणारी, जणू कोणी ओळ आखून शब्द लिहायचे विसरून गेला आहे. कधी दोन काने दिसत, दाराच्या चौकटीसारखे, आणि त्या दारातून धुके ये-जा करी. शलाकाला नाव पाठ होते, ते तिनेच लिहिले होते. तरी ती ओसरीच्या कडेला सरकून बसली. आपण पुढे सरकलो, हे तिच्या ध्यानातही आले नाही.

दुपार कलत असताना रस्त्याने एक बाई आली. डोक्यावर गवताचा भारा होता. ती जांभळीसमोर थांबली आणि मग थांबूनच राहिली. भारा खाली ठेवावा हेसुद्धा तिला सुचले नाही. बराच वेळ झाला तशी शलाका रस्ता ओलांडून तिच्याजवळ गेली.

“मावशी, काय झालं?”

“ह्यां ‘आशा’ लिवलां काय गो?”

शलाकाने पाटीकडे पाहिले. मधले अक्षर धुक्यात बुडाले होते. अलीकडचा ‘आ’ आणि पलीकडचा ‘सा’ एकमेकांकडे झुकल्यासारखे दिसत होते, आणि त्या धूसरपणात ‘सा’ सहज ‘शा’ वाटत होता.

“माझ्या धाकट्या भयणीचा नाव आशा,” बाई पाटीवरची नजर न काढता म्हणाली. “बेळगावाक गेली ती अजून परत येवक नाय. कोणी तिच्या नावाची पाटी लावल्यानी म्हणान उभी रवलंय.”

तेवढ्यात वारा आला, धुके बाजूला झाले, आणि सगळी अक्षरे उघडी पडली. बाईने ती पुटपुटत जुळवली, ‘आडोसा’, आणि ओशाळून हसली.

शलाकाचा जीव कळवळला. “मावशी, मी ‘आशा’ लिहून देऊ? आत्ता देते. तुमच्या दारावर लावा.”

बाईने मान हलवली. “नको गो. पाटी लावली काय माणूस गेल्यासारखां वाटतां.” मग भारा सावरून म्हणाली, “पण बरां वाटलां घडीभर.” आणि ती वळणाआड गेली. थोड्याच वेळात तिची पावलेही ऐकू येईनाशी झाली.

शलाका ओसरीवर परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. पंतांनी सारे पाहिले होते, ऐकलेही होते.

“सर, आपण त्या बाईला फसवलं का?”

“तू काय लिहिलं होतंस?”

“आडोसा.”

“खरं लिहिलंस, नीट लिहिलंस. मग फसवणूक कसली?” पंतांनी तिला शेजारी बसवले. “शलाका, काल तू भीती स्वतःच रेखाटून दिलीस. सुरी दिलीस, धार दिलीस. त्या माणसाने पाहिलं, खून म्हणाला आणि चालू लागला. त्याने तरी दुसरं काय करावं? तू त्याच्यासाठी काही ठेवलंच नव्हतंस. तुझा मित्र हेच म्हणत होता. आज तू एक साधं, सभ्य अक्षर ठेवलंस आणि धुक्याने त्यातलं थोडं झाकून घेतलं. ती रिकामी जागा त्या बाईने भरली. जे तिने भरलं ते तुझ्या कुंचल्यात कुठून आलं असतं? तिच्या मनातलं दुःख तुला ठाऊकच नव्हतं.”

शलाकाने विचारले, “म्हणजे अक्षरं पुसट करायची?”

“मुळीच नाही. पुसट लिहिणं हा आळस आहे. अक्षर पूर्ण लिहावं, सचोटीने लिहावं, आणि मग त्यावर उजेड किती पडू द्यायचा ते ठरवावं. बाईने पाटी का नाकारली, ऐकलंस ना? पुरतं सांगून टाकलं की वाट पाहणंच संपतं. अंधार हा पाहणाऱ्यावर टाकलेला विश्वास असतो, बाळ. तुला अंधार कळत नाही असं नाही. तुझा अजून समोरच्यावर विश्वास बसला नव्हता, इतकंच.”

दरीतून धुके येत होते, जात होते.

पुण्यात परतल्यावर शलाकाने नाव नव्याने लिहिले. दारावरच्या पाटीसारखी ती अक्षरे होती. ना तडा, ना थेंब. पडद्यावर मात्र उजेड दोन्ही बाजूंनी हलकेच सरकत येई, ‘आ’ला स्पर्श करी, ‘सा’ला स्पर्श करी आणि मधल्या ‘डो’पाशी येईपर्यंत विरून जाई. ते अक्षर तिथे होते, पूर्ण होते. फक्त सावलीत होते. निरंजनने ते पाहिले आणि तो म्हणाला, “पुन्हा लाव.”

चित्रपट लागला तेव्हा शलाका चित्रपटगृहात मागच्या रांगेत जाऊन बसली. शेजारी एक अनोळखी म्हातारे गृहस्थ होते. त्यांचे नाव तिने विचारले नाही, त्यांच्या आयुष्यात काय घडले होते हे तिला कधी कळणारही नव्हते. पडद्यावर काळोख झाला. उजेड सरकत आला आणि मधेच थांबला. तेव्हा ते गृहस्थ खुर्चीच्या पाठीपासून अलगद सुटले आणि पुढे झुकून पाहू लागले.

शलाकाने डोळे मिटून घेतले. तिला आता पडद्याकडे पाहायची गरज उरली नव्हती.

सांगणारा अर्धे पाऊल मागे सरला, की ऐकणारा आपल्या पायांनी पुढे येतो. आणि तो येताना रिकाम्या हाताने येत नाही.