मामलेदाराच्या बुटाचा माग

मामलेदार रावसाहेब धारप सकाळी जागे झाले तेव्हा त्यांच्याच तंबूवर तिरंगा फडफडत होता. कानेरवाडीतल्या चळवळ्यांना वठणीवर आणायला ते तळ ठोकून बसले होते, आणि कुणीतरी त्यांच्याच डोक्यावर निशाण लावून गेलं! रावसाहेबांनी बूट चढवले आणि तणतणत तंबूभोवती तीन फेऱ्या मारल्या. मागोमाग शिपाईही धावले. मग हुकूम सुटला. गावच्या जागल्यानं, म्हणजे रखवालदारानं, दुपारच्या आत चोराचा माग काढावा, नाहीतर त्याचं वतन जप्त.

जागल्या भिवबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे चार वर्षं माग काढायची ती त्याची लेक गोजरा. रावसाहेबांनी तिला भंडाऱ्याची शपथ घातली. मागाबद्दल खोटं बोलायचं नाही.

गोजरा वाकून बघू लागली. सगळी माती बुटांनी तुडवलेली. तंबूच्या खुंटीपाशी मात्र एक अनवाणी पाऊल शाबूत होतं. उजवा पाय, करंगळी नाही. तिच्या धाकट्या भावाची, हैबतीची करंगळी कुऱ्हाडीखाली गेली होती, हे गावातलं पोर न् पोर जाणत होतं. खरं बोललं तर भाऊ तुरुंगात, गप्प बसलं तर बापाचं वतन जाणार.

"सापडलं का काही?" रावसाहेब लांबूनच ओरडले.

"सापडलं की. पण ऊन डोळ्यांवर येतंय. जरा हितं उभं राहून सावली धरता का? असं. अजून एक पाऊल."

रावसाहेब ऐटीत पुढे आले. बूट नेमका त्या पावलावर पडला.

गोजरानं अदबीनं त्यांचा पाय बाजूला करवला, टोपली मागवली आणि बुटाचा ठसा रीतीप्रमाणे झाकून ठेवला. मग तोच माग धरून ती निघाली. मागे पाटील, शिपाई, अर्धं गाव. तंबूभोवती एक फेरी, दुसरी, तिसरी, आणि सरळ आत, रावसाहेबांच्या खाटेपाशी.

"माग हितं संपला, रावसाहेब. माग ज्याच्या दारात संपतो त्यानं चोर द्यायचा, न्हाईतर सोता जाब द्यायचा. रीत सरकारनंच मानलीय."

पाटलांना एकदम ठसका लागला. रावसाहेब लालबुंद झाले. त्यांनी बाकी सगळ्यांना बाहेर घालवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, पाय टेकता टेकता मला चारच बोटं दिसली होती."

गोजराची मान खाली गेली नाही.

"मग पाचवं कुठं गेलं ते बुटालाच इचारा. बूट सरकारी माणसाचा, त्याला दरडावणारी मी कोण?"

रावसाहेब असे हसले, की तंबूची कनात हलली. भिवबाचं वतन कायम झालं आणि जागल्याच्या जागी गोजराचं नाव लागलं. निघताना त्यांनी पायातले बूट काढून तिच्या हातात दिले.

"घरात कुणी अनवाणी फिरत असेल तर त्याला घाल. पुढच्या खेपेला मला बोटं मोजायला लावू नकोस."