काळ्या डगल्यातली परी आणि बकुळीचा दोरा

केवड्याचं बन ओलांडलं की हिरवा डोंगर लागतो, आणि त्या डोंगराच्या कुशीत पूर्वी फुलांची एक वाडी होती. तिथे पिवळीधमक शेवंती होती, लालचुटुक जास्वंद होती, जांभळी गोकर्ण होती, आणि सकाळी पानापानावर दवाचे इवले इवले मणी चमचमत असायचे. पण आपल्या सुगीला त्या सकाळी यातलं काहीच दिसत नव्हतं. तिच्या पोटात भीतीचा गोळा बसला होता आणि तो काही केल्या हलत नव्हता.

सुगी आणि तिची आई पारूबाई मथुराक्कांच्या बागेत राहायच्या, कोपऱ्यातल्या एवढ्याशा झोपडीत. आई गजरे गुंफून बाजारात विकायची. सुगीच्या परकराला इतकी ठिगळं होती की मूळचं कापड कोणतं ते शोधावं लागे. तरी दोघींचं बरं चाललं होतं, कारण मथुराक्का होत्या. आक्कांना मूलबाळ नव्हतं. सुगीवर त्यांचा फार जीव, आणि तो त्या रागावून दाखवायच्या. "केस विंचर, भुताबाई," असं म्हणायच्या आणि स्वतःच विंचरून द्यायच्या.

त्या आक्का गेल्या. सुगी खूप रडली. पण रडून झाल्यावर जे सुरू झालं, ते रडण्याहून वाईट होतं.

त्याचं असं झालं. त्या वाडीत एक रीत होती. माणूस थकलं की ते बकुळीच्या झाडाखाली जायचं आणि आपल्यामागे काय कुणाला द्यायचं ते मोठ्याने सांगायचं. ऐकायला दोन माणसं बसायची. सांगून झालं की झाडाला लाल दोरा बांधायचा. पुढे ते माणूस गेलं, दिवसकार्य आटोपलं, की सारी वाडी बकुळीखाली जमायची. ती दोन माणसं दोऱ्यावर हात ठेवून ऐकलेलं सांगायची, आणि गुणाजीतात्या नावाचे म्हातारे गृहस्थ त्याप्रमाणे ज्याचं त्याला देऊन टाकायचे. याला वाडीत निरवानिरव म्हणत.

रीतीला दोन नियम होते. ऐकणारी माणसं दोन हवीतच, एकट्याचं सांगणं चालायचं नाही. आणि जो ऐकायला बसेल, त्याला त्यातलं काही मिळायचं नाही. नाहीतर कोणीही उठून म्हणालं असतं की म्हातारीने मला म्हैस दिली.

लोक एरवी ऐकणारे लांबच्या आळीतून बोलवायचे, त्यामुळे दुसरा नियम कुणाच्या फारसा ध्यानातच नव्हता. आक्का बरेच दिवस आजारी होत्याच, पण त्या दुपारी त्यांचं दुखणं एकाएकी वाढलं. त्यांनी हाताशी होते त्यांना बोलावलं. एक शेळ्या चारणारा भिकोबा, आणि दुसरी सुगी. आक्कांनी सांगितलं, विहिरीचं पाणी खालच्या आळीला. सुगीला झोपडी. मग आणखी बरंच काही सांगितलं, पण सुगी तोवर हुंदके देत होती. तिने लाल दोरा बांधला, आणि आपल्या हातून काय होऊन बसलंय हे तिला कळलंसुद्धा नाही.

ते कळलं आक्कांच्या पुतण्याला. दिगंबर त्याचं नाव. वर्षानुवर्षं तो वाडीकडे फिरकला नव्हता, पण नियम त्याला सगळे पाठ होते. निरवानिरवीच्या आदल्या दिवशी तो झोपडीपाशी आला आणि गोड आवाजात म्हणाला, "सुगे, उद्या तू बोललीस तर झोपडी गेली बघ. ऐकणाऱ्याला काही मिळत नाही."

सुगीच्या हातातली परडी खाली पडली.

"रडू नकोस. मी काय सांगतो ते ऐक. तू म्हण, मी तिथे नव्हतेच. मग उरला एकटा भिकोबा, आणि एकट्याचं कोण धरतंय? आक्कांचं बोलणं रद्द, सगळं माझं. आणि मी माझ्या हाताने झोपडी तुम्हाला देईन. बकुळीची शपथ."

"आणि विहीर, दिगूदादा?"

"विहिरीला मी फाटक करणार आहे. तुला काय करायचंय विहिरीशी? तुला रोज घागरभर देईन की."

तो गेला आणि सुगी तिथेच उभी राहिली. आत आई खोकत होती. थंडी तोंडावर आली होती, आणि थंडीत आईचा खोकला असा वाढायचा की सुगी कानावर हात ठेवून बसायची. आई मात्र खुशीत होती. "आक्कांनी डोक्यावर छप्पर ठेवलं गं बाळा," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आता काही काळजी नाही." सुगीने तिला काही सांगितलं नाही. कसं सांगणार?

संध्याकाळी खालच्या आळीतली चंद्री पाणी न्यायला आली. तिकडची विहीर खारट होती, म्हणून सगळी आळी आक्कांच्या विहिरीवर यायची. चंद्रीच्या कडेवर तिचा धाकटा भाऊ होता. तो तांब्यात तोंड बुडवून घटाघटा पाणी प्यायला आणि हसला.

"सुगे, उद्या बोलशील ना नीट?" चंद्रीने विचारलं. "घरी सगळे तेच विचारतायत. तू चारचौघांत बोलत नाहीस ना, म्हणून."

हे खरं होतं. चार माणसं दिसली की सुगीचा आवाज घशातच बसायचा. सुगीने नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती कळ्या खुडायला बागेत गेली. गुलाबी धुकं शेवंतीवर तरंगत होतं. सुगी मोगऱ्यापाशी बसली आणि तिला एकदम रडू आलं. एक टपोरा थेंब कळीवर पडला. कळी थरथरली, उघडली, आणि आतून कोणीतरी म्हणालं, "अगं अगं, माझा डगला भिजला."

कळीत एक चिमुकली परी उभी होती, पेरूएवढी. तिचे पंख चांदण्याच्या रंगाचे होते, केसांत दवाचे मणी होते, पायांत सोनेरी पैंजण रुणझुणत होते. पण या सगळ्यावर तिने एक काळा कुळकुळीत, ढगळ डगला चढवला होता.

सुगी रडायचं विसरली. "परीताई, तुमचा डगला काळा का?"

"मी वकील आहे," परी बाह्या झटकत म्हणाली. "गेलेल्या माणसांची. त्यांना आपलं म्हणणं मांडायला येता येत नाही ना, म्हणून त्यांच्या वतीने मी असते. आणि काळं घातलं की लोक जरा नीट ऐकतात. मथुराक्कांच्या कामासाठी आले आहे. तुला एक इच्छा मागता येईल, सुगी. दोऱ्यावर हात ठेवायच्या आत मागायची."

सुगीला विचार करावाच लागला नाही. "आक्कांना परत आणा."

परीने बाहीने डोळे पुसले. "ते होत नाही गं. नियम आहे."

"मग आमची झोपडी आम्हाला द्या."

"गेलेल्या माणसाची वस्तू मला देता येत नाही. ती ज्याची त्याने दिली तरच."

सुगीने खाली बघितलं. पुढचं ती अगदी हळू बोलली. "मग मी त्या दुपारी तिथे नव्हतेच, असं करा."

परी हळूच कळीच्या काठावर टेकली. पैंजणसुद्धा वाजले नाहीत. "ऐकलेलं न ऐकलेलं करता येत नाही, बाळ. ते फक्त लपवता येतं. आणि लपवायला परी लागत नाही, ते तुझं तुलाच जमेल."

झोपडीतून आईचा खोकला ऐकू आला. लगेच विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर ऐकू आली. सुगीला वाटलं, आपल्याला दोन्हीकडून कोणीतरी ओढतंय. आई थंडीत कुठे झोपेल? आणि चंद्रीचा भाऊ काय पिईल? आक्कांनी आपल्याला विश्वासाने बसवलं होतं, आणि आपण नव्हतोच म्हणायचं? तिला आक्कांचा केस विंचरणारा हात आठवला. धुकं विरळ झालं.

"परीताई," शेवटी ती म्हणाली, "तिथे माझा आवाज अडकू देऊ नका. आणि त्या दुपारी मी रडत होते, मला अर्धंच आठवतंय. आक्का जे जे बोलल्या, ते सगळं जसंच्या तसं माझ्या तोंडून येऊ दे. कुणाचं काही राहायला नको."

"झोपडी जाईल, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"भीती वाटते?"

"खूप."

"ती काढून टाकू?"

"इच्छा तर एकच आहे ना," सुगी म्हणाली. "ती संपली."

परीने एक निळसर दवबिंदू उचलला आणि सुगीच्या जिभेवर ठेवला. तो थंडगार होता आणि किंचित गोड. मग परी डगला सावरत उडाली आणि बकुळीच्या पानांत शिरली.

बकुळीखाली सारी वाडी जमली होती. दिगंबर पुढेच बसला होता आणि सुगीकडे बघून मान डोलावत होता. आई शाल गुंडाळून, भिंतीला धरत धरत आली होती. तिच्याकडे बघायचा सुगीला धीर झाला नाही. भिकोबाने दोऱ्यावर हात ठेवला. गुणाजीतात्या म्हणाले, "दुसरं कोण होतं ऐकायला?"

सुगी पुढे आली. "मी होते," ती म्हणाली आणि दोऱ्यावर हात ठेवला. दिगंबरची मान डोलायची थांबली.

आणि सुगी बोलू लागली. आवाज तिचाच, पण बोलणं थेट आक्कांचं. "माझ्या विहिरीचं पाणी खालच्या आळीचं. तिथे कुणाला कुणी अडवायचं नाही. पिंजऱ्यातला राघू सोडून द्या, पण आधी त्याला पेरू खाऊ घाला. बाग दिगूला. त्याला म्हणावं, शेवंतीला वेळेवर पाणी घाल, आळस करू नकोस." लोक हसले. दिगंबर हसला नाही. "कोपऱ्यातली झोपडी आणि पुढचा मोगऱ्याचा वाफा सुगीला."

तात्यांनी हात वर केला. त्यांचा चेहरा उतरला होता. "थांब पोरी. तू ऐकायला बसली होतीस. ऐकणाऱ्याला काही मिळत नाही, ही आपली रीत आहे. आक्का घाईत विसरल्या. झोपडी तुला देता येणार नाही."

आई मटकन खाली बसली. सुगीला तो आवाज ऐकू आला आणि तिने डोळे गच्च मिटले.

"म्हणजे झोपडी माझी," दिगंबर उठत म्हणाला. "झालं ना सगळं?"

पण सुगीच्या जिभेवरचा गोडवा अजून संपला नव्हता. शब्द येतच होते. "सुगे, रडू नकोस, नाक पूस. आणि गुणाजीला सांग, यातलं काही ज्याचं त्याला पोचलं नाही, कुणाच्या हाती न लागता पडून राहिलं, तर ते पारूचं. माझ्या आजारपणात तिने माझं सगळं केलं. आता दोरा बांध."

गोडवा संपला. सुगी गप्प झाली. बकुळीचं एक फूल टपकन खाली पडलं.

"भिकोबा," तात्यांनी विचारलं, "असं म्हणाल्या होत्या?"

भिकोबाने कपाळावर हात मारला. "होय की. अगदी असंच म्हणाल्या होत्या. मला वाटलं, परसातल्या फुटक्या घागरींचं बोलतायत."

"पण पारू तर हिचीच आई," दिगंबर म्हणाला.

"असेना का. पारू त्या दुपारी बाजारात होती, ऐकायला नव्हती. नियम ऐकणाऱ्याला आहे, ऐकणाऱ्याच्या आईला नाही." तात्या काठी टेकत उठले. "झोपडी ज्याची त्याला पोचली नाही, म्हणून ती पारूबाईची. विहीर खालच्या आळीची. बाग तुझी, दिगंबर. आणि जाता जाता शेवंतीला पाणी घाल."

आई सुगीला पोटाशी धरून रडली, खोकली, आणि पुन्हा रडली. चंद्री घागर घेऊन धावतच विहिरीकडे सुटली. सुगीच्या पोटातला गोळा कुठे गेला ते तिला कळलंच नाही, पण आता तिला चांगलीच भूक लागली होती.

सगळे पांगल्यावर ती बकुळीखाली परत गेली. परी खालच्या फांदीवर पाय हलवत बसली होती.

"तुम्हाला आधीच माहीत होतं?" सुगीने विचारलं.

"वकील आधी निकाल सांगत नाही."

"आणि आक्का शेवटचं ते बोलल्याच नसत्या तर?"

"तर झोपडी गेली असती," परी खरं तेच बोलली. "तरी तू बोललीस. म्हणून तर आक्कांनी तुला बसवलं होतं." तिने काळा डगला उतरवला आणि सुगीच्या हातात दिला. "हा आईला दे. थंडी येतेय."

हातात येताच तो इवलासा डगला वाढू लागला. बघता बघता त्याची एक मऊ, उबदार, काळी घोंगडी झाली. डगल्याखाली आजवर अर्धे झाकलेले पंख आता पुरते उघडले, आणि त्यांतून रुपेरी, सोनेरी, गुलाबी असा उजेड सांडला की सुगीने डोळ्यांवर हात घेतला. हात काढला तेव्हा फांदीवर कोणी नव्हतं. लाल दोरा सुटून खाली पडला होता.

त्या थंडीत आईचा खोकला घोंगडीच्या उबेत विरून गेला. आणि सुगी मोठी झाली. वाडीत कोणाला निरवानिरव करायची असली, की आधी सुगीला बोलावणं जायचं. ती यायची, बकुळीखाली बसायची, आणि कोणी तोंड उघडायच्या आत विचारायची, "मला यात काही ठेवलं नाहीत ना?"

नाही म्हटलं, की मगच ती ऐकायला लागायची.