माळ्यावरचं मडकं

फार वर्षांपूर्वी समुद्राला पाठ टेकून बसलेलं एक गाव होतं. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये सुरूच्या झाडांची लांबच लांब रांग होती. खरं तर ती रांग होती म्हणून गाव होतं. समुद्रावरून येणारा खारा वारा त्या झाडांत अडायचा, गाळून निघायचा आणि मगच मळ्यांत शिरायचा. जिथं रांगेला खिंडार पडायचं, तिथं मागच्या मळ्यातली पानं कडेकडेनं करपायला लागायची.

म्हणूनच त्या गावात नाताळचं झाड कुणी तोडून आणत नसे. दरवर्षी सुरूचं एक जिवंत रोप, माणसाच्या उंचीचं, लाकडी पिंपात लावून एका घरात आणून ठेवायचे. नाताळभर त्यानं त्या घरात चांदण्या आणि माळा मिरवायच्या, त्याच्या पायाशी बाळ येशूचा गोठा मांडायचा, आणि नाताळनंतर बाराव्या दिवशी येणाऱ्या तीन राजांच्या सणाला सगळ्या गावानं ते वाजतगाजत नेऊन रांगेतल्या खिंडारात लावायचं. कुणाच्या घरात आणि कुणाच्या बांधावर, हे पाळीपाळीनं ठरलेलं. झाड मेलं तर ती पाळी गेली. मग सगळं गाव फिरून पुन्हा पाळी येईपर्यंत थांबायचं.

आणखी एक नियम होता. ज्याच्या बांधावर झाड जायचं, त्यानं तोवर झाडाला हात लावायचा नाही. पूर्वी एका उतावळ्यानं नाताळच्या आधीच झाड उचलून नेलं होतं म्हणे, तेव्हापासून.

त्या वर्षी बांध होता कतरीनबायचा. बाई एकटी, वयस्कर, आणि सगळं घर एका पानमळ्यावर चाललेलं. मागच्या वादळात तिच्या बांधावरचं सुरूचं झाड पडलं होतं आणि समुद्राकडच्या तिच्या पानवेली अर्ध्या करपल्या होत्या. तिनं खड्डा आधीच खणून ठेवला होता. आणि झाड ठेवायची पाळी आली होती सांतानच्या घरी.

सांतान वाईट माणूस नव्हता. खटपट्या होता. दार सरळ उघडत असलं तरी ते आपोआप कसं उघडेल, याचा विचार करत तो दाराबाहेर उभा राहायचा. त्याची बायको आपोलीन मग आतून म्हणायची, "अहो, ढकला की!"

झाड घरी आलं, गोठा मांडला. कागदाचे डोंगर, गवताचं छप्पर, मेंढ्या, मेंढपाळ. रोज सकाळी सांतान तांब्याभर पाणी घेऊन फांद्यांखाली वाकायचा, चाचपून माती बघायचा आणि पाणी घालायचा. वाकलं की पाठीत चमक यायची आणि उठताना हमखास एखादा मेंढपाळ आडवा व्हायचा.

"काहीतरी सोय केली पाहिजे," एक दिवस सांतान म्हणाला.

आपोलीननं हातातलं काम टाकलं. "कसली सोय? तांब्याभर तर पाणी!"

पण सांतान कामाला लागला होता. माळ्यावर त्यानं एक मोठं मडकं ठेवलं. मडक्याच्या बुडाला भोक पाडून तिथून बांबूची नळी भिंतीवरून खाली आणली, फांद्यांतून लपवत नेली आणि तिचं तोंड पिंपातल्या एका नरसाळ्यावर सोडलं. भोकात एक खुंटी. खुंटीला दोरी. दोरी ओढली की खुंटी निघणार आणि पाणी झाडाला. वाकणं नको, मेंढपाळ पडणं नको.

पहिल्यांदा दोरी ओढली तेव्हा झाडाच्या पोटातून असं भस्सकन पाणी आलं की आपोलीन दचकून भिंतीलाच टेकली. "अगं बाई! सांगून तरी ओढा ना!"

"चाललं की नाही?" सांतानचा चेहरा उजळला होता.

चाललं. यात वादच नाही, व्यवस्था उत्तम चालत होती. फक्त पिंपाच्या बुडाशी कडेला असलेल्या भोकातून जास्तीचं पाणी बाहेर यायचं आणि कागदाचे डोंगर भिजायचे. म्हणून सांताननं त्या भोकात लाकडी बूच मारलं आणि वरून मेण लावलं. डोंगर कोरडे झाले; आता तळाच्या फटींतून झिरपेल तेवढंच पाणी खाली जमिनीत मुरत होतं. सांतान खूश झाला.

दुसऱ्या दिवशी शेजारी गोठा बघायला आले. त्या गावात घरोघरी जाऊन गोठे बघायची रीतच होती. एकानं विचारलं, "ही दोरी कसली रे?"

सांताननं ओढून दाखवली.

"वा! अजून एकदा!"

सांताननं अजून एकदा ओढली.

मग काय, गावभर बोलबाला झाला. लोक यायचे, येशूबाळाला हात जोडायचे, आपोलीननं पुढं केलेली नाताळची तळलेली गोड कुलकुलं तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "सांतान, चालवून दाखव ना." ज्यांनी कालच बघितलं होतं, ते आज आपल्या पाहुण्यांना घेऊन यायचे. दर वेळी भस्सकन पाणी, दर वेळी आपोलीन दचकायची, आणि दर वेळी मडकं रिकामं.

आता माळ्यावरचं मडकं भरणार कोण? घागर काखेत घेऊन शिडी चढत आपोलीन करवादायची, "तुम्हाला वाकायला नको म्हणून सोय केलीत. आता मला शिडी चढायला लागते. दिवसभर! ही कुणाची सोय म्हणायची?"

"तुला शिडी चढायला नको अशीही युक्ती आहे माझ्याकडे," सांतान म्हणायचा. "एक कप्पी लावली की..."

"नको!" आपोलीन वरूनच ओरडायची. "काहीही लावू नका!"

कतरीनबाय रोज संध्याकाळी यायची. दारातच उभी राहायची, पदराआड हात धरून, चुकूनसुद्धा झाडाला लागायला नकोत म्हणून. एकच विचारायची.

"झाड बरं आहे ना रे, बाबा?"

"बरं? अहो कतरीनबाय, एवढं पाणी राजाच्या बागेतल्या झाडालाही मिळत नसेल. बघा हं." की ओढली दोरी.

कतरीनबाय "छान आहे हो" म्हणायची. दुसऱ्याच्या घरात उभं राहून आणखी काय म्हणणार? जाताना मान वळवून वळवून झाडाकडे बघत जायची.

नाताळ झाला आणि झाडाच्या सुया पिवळ्या पडायला लागल्या.

"पाणी कमी पडतंय," सांतान म्हणाला, आणि त्यानं मडक्याचं भोक मोठं केलं.

माती बघावी, असं कुणाच्याच मनात आलं नाही. पिंपाभोवती डोंगर होते आणि डोंगर छान दिसत होते. आपोलीनलाही लोकांनी केलेलं कौतुक आवडायला लागलं होतं, हे खोटं कशाला बोला? शिडीवरून चिडायची, पण पाहुणे आले की कुलकुलांची थाळी घेऊन पुढं तीच.

नाताळनंतरचा रविवार आला. त्या दिवशी दुपारी शेजारगावची मंडळी येणार होती, बँड घेऊन. गोठा बघायला असं म्हणत होते, पण सगळ्यांना माहीत होतं, दोरी बघायला. सांताननं सकाळीच इस्त्रीचा सदरा चढवला होता.

आपोलीन गोठा झाडत होती. एक मेंढपाळ डोंगरामागं घसरला होता, त्याला काढायला तिनं हात घातला. डोंगराचा कागद फाटला आणि हात आत गेला, पिंपाच्या कडेवरून थेट मातीत. माती कसली? गार, मऊ, गिळगिळीत चिखल. तिनं किंचाळून हात मागं घेतला. हाताला गटारासारखा वास येत होता.

"अहो! इकडे या! लवकर!"

सांतान आला. त्यानं हात हुंगला. मग डोंगर जरासा बाजूला करून आत डोकावला. पिंपात माती दिसतच नव्हती, वर काळं पाणी साठलं होतं. सांतान खटपट्या होता, मठ्ठ नव्हता. बूच, मेण, दोरी, लोक... त्याला एका क्षणात सगळं कळलं. सुरू हे वाळूतलं झाड. हवं तेवढं प्यायचं आणि बाकीचं खाली सोडून द्यायचं, अशी त्याची सवय. त्याला आपण डबक्यात उभं केलं होतं.

"बूच काढा आधी," आपोलीन म्हणाली. "आणि झाड बाहेर काढू या उन्हावाऱ्यात. आत्ताच्या आत्ता."

सांताननं बुचाकडे हात नेला आणि तसाच थांबला.

"बूच काढलं तर सगळा गोठा भिजेल गं."

"भिजू दे!"

"झाड बाहेर नेलं तर नळी काढावी लागेल. दुपारी लोक येणार. बँड घेऊन येतायत, आपोलीन! त्यांना काय दाखवू? रिकामी दोरी?" त्यानं डोंगर हळूच परत जागेवर सरकवला आणि फाटलेल्या जागेवर गवत टाकलं. "संध्याकाळी काढू. ते गेले की लगेच. एवढे दिवस उभं आहे, आणखी चार घटकांनी काय होतंय?"

"झाडाला विचारलंत का, ते थांबतंय का संध्याकाळपर्यंत?"

"तू घाबरतेस फार."

आपोलीन खरंच घाबरट होती. त्यामुळे ती बरोबर असली तरी कुणी ऐकायचं नाही. आणि शेवटी शेवटी तिचं तिलाच वाटायचं, असेल, मीच उगीच घाबरत असेन. ती हात धुवायला गेली. तीनतीनदा साबण लावला, तरी वास जाईना.

दुपारी मंडळी आली. घर माणसांनी भरलं. बँडवाले अंगणात. शेजारगावचा एक म्हातारा पुढं होऊन म्हणाला, "काय रे सांतान, ऐकतोय ते खरं की नुसत्याच गप्पा?"

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत कतरीनबाय आली. तिनं झाड बघितलं. काल पिवळं होतं, आज शेंडा मान टाकल्यासारखा झाला होता.

"सांतान," ती म्हणाली, "झाड बरं आहे ना?"

सगळे सांतानकडे बघत होते. आपोलीनही बघत होती. तिच्या ओठांवर आलं होतं, पण ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आता सांगा. आता तरी सांगा.

सांताननं एकदा बुचाच्या दिशेनं बघितलं, एकदा पाहुण्यांकडे.

"एकदम झकास आहे!" तो म्हणाला, आणि त्यानं दोरी ओढली.

मोठ्या केलेल्या भोकातून मडकंभर पाणी धाडकन खाली आलं. पिंप आधीच काठोकाठ होतं, ते उतू गेलं. डोंगर वाहिले, मेंढ्या वाहिल्या. आणि झाड हळूच कललं. कुणी ढकललं नव्हतं, कुणाचा धक्का लागला नव्हता. त्या चिखलात त्याला धरून ठेवणारं काही उरलंच नव्हतं. चांदण्या आणि माळा घेऊन ते सावकाश पाहुण्यांच्या पायाशी आडवं झालं.

अंगणात बँडवाल्यांना वाटलं, खेळ सुरू झाला. त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

"बंद करा रे!" आपोलीन किंचाळली. "बंद करा ते!"

कतरीनबाय खाली बसली. सगळ्यांच्या देखत तिनं पहिल्यांदा झाडाला हात लावला, आणि कुणीही तिला अडवलं नाही. तिनं एक मूळ चिमटीत धरलं. त्याची साल शिजलेल्या शेंगेसारखी निघून हातात आली.

"कधीपासून माहीत होतं?" तिनं विचारलं.

सांतान वाहून गेलेल्या मेंढ्या गोळा करायला लागला. शेवटी आपोलीनच म्हणाली, "सकाळपासून, कतरीनबाय. सकाळी उभं होतं हो ते."

मग सगळे उपाय झाले. बूच काढलं, काळी मुळं छाटली, कोरडी वाळू आणली, झाड बाहेर अंगणात रोवलं. जे सकाळी दोघांनी मिळून करायचं होतं, ते आता अर्धं गाव करत होतं. तीन राजांच्या सणापर्यंत झाडाचा खराटा झाला.

सणाच्या दिवशी वाजतगाजत न्यायला काही नव्हतं. कतरीनबायची पाळी गेली. उघड्या खड्ड्यात एखादं जनावर पडेल, म्हणून ती एकटीच पाटी आणि कुदळ घेऊन बांधावर गेली आणि आपण खणलेला खड्डा आपणच बुजवायला लागली.

सांतान धावतपळत आला. त्याचे डोळे सुजलेले होते, पण डोक्यात काहीतरी फिरत होतं.

"कतरीनबाय, तुम्ही अजिबात काळजी करू नका. मी सगळं योजलंय. इथं दोन बांबू रोवायचे. मध्ये झावळ्यांचा पडदा. त्याला खाली एक दोरी. वारा सुटला की दोरी ओढायची आणि पडदा आपोआप..."

"सांतान."

"नाही, म्हणजे दोरीसुद्धा लागणार नाही, एक वजन बांधलं की..."

"सांतान, इथं उभा राहा."

"कुठं?"

"इथं. माझ्या जागेवर. आणि गप्प राहा."

तो उभा राहिला. खिंडारातून समुद्राचा वारा थेट त्याच्या तोंडावर आला. ओठांना मीठ लागलं, डोळे चुरचुरले. डोळे वाचवण्यासाठी त्यानं मान फिरवली, तर समोर पानमळा होता. सांतान याआधी त्या वाटेनं कितीदा तरी गेला असेल, पण त्यानं त्या वेली अशा कधी पाहिल्या नव्हत्या. पुढच्या ओळीतलं एकेक पान कडेनं काळं पडत चाललं होतं, आणि पहिल्या ओळीमागं दुसरी ओळ वाट बघत उभी होती.

तो तिथंच उभा राहून एकेक पान बघत राहिला.

कतरीनबायनं मातीची शेवटची पाटी ओतली आणि पायानं दाबून खड्डा सपाट केला.

तात्पर्य एवढंच: ज्याच्यासाठी सोय केली, त्याच्याकडे बघायचं सोडून माणूस सोयीकडेच बघत बसला, तर सोय शाबूत राहते आणि ज्याच्यासाठी ती केली ते हातचं जातं. आणि चूक ज्या घडीला कळते, तीच ती सुधारायची घडी असते, पाहुणे गेल्यानंतरची नव्हे.