लक्ष्मीपूजनाचा चंद्र

बार्शीतल्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या फोटोस्पर्धेत परीक्षक सुनंदाताईंचं डोकं सकाळपासून पिकलं होतं. कॉम्प्युटरवर जोडलेली आकाशं बघून बघून त्या वैतागल्या होत्या. त्यात स्पर्धेचे प्रायोजक रतनशेठ आपला फोटो घेऊन आले. खाली आकाशकंदील, वर वाटोळा पूर्ण चंद्र.

"लक्ष्मीपूजन आटोपून गच्चीवरून काढलाय. पहिला नंबर यालाच, नाहीतर पुढच्या वर्षी स्पर्धा विसरा."

"शेठ, चंद्र जोडलेला दिसतोय."

"मी खोटं बोलतो? अख्खं घर साक्षीला आहे."

सुनंदाताईंनी कपाळाला हात लावला. "बरं, चंद्र खरा. म्हणजे अमावास्येचं लक्ष्मीपूजन तुम्ही पौर्णिमेला केलंत. बक्षीस देताना सगळ्या व्यापाऱ्यांसमोर तसं जाहीर करते."

शेठ फोटो पिशवीत घालत हळूच म्हणाले, "जोडलेलाच आहे."