दामू गुरुजींचा कार्यानुभवाचा तास

बोरगावच्या शाळेत एक भोळे गुरुजी होते. नाव दामू गुरुजी. भोळे म्हणजे किती? फळ्यावर कुणी ‘पुसू नये’ असं लिहिलं, तर ते वर्षभर फळा तसाच ठेवून भिंतीवर शिकवत.

नोकरी कच्ची होती. मुख्याध्यापिका इंदूबाईंनी त्यांना कार्यानुभव शिकवायला दिला. पोरांनी आपल्या हातांनी वस्तू करायच्या, गुरुजींनी करून घ्यायच्या. बाई म्हणाल्या, “महिनाअखेर मोठे साहेब तपासणीला येतील. खूश झाले तर तुम्ही कायम. नाहीतर घरी.”

गुरुजींना पोरांचा फार लळा. ते मनातून घाबरले. बाईंचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

पहिल्या आठवड्यात पोरांनी पुठ्ठ्याचं स्टूल केलं. बाई कौतुकानं बसल्या आणि थेट जमिनीवर आल्या.

“अहो गुरुजी, वस्तू झाली की आधी स्वतः बसून बघावं!”

“चुकलं बाई. पुढच्या खेपेला नक्की बसेन.”

दुसऱ्या आठवड्यात आकाशकंदील झाले. एकतीस. गुरुजी एकेकावर नीट बसले. काड्या टोचल्या, तरी मोजून एकतीस कंदिलांवर बसून झाल्यावरच उठले. पोरं रडायला लागली.

बाईंनी कपाळाला हात लावला. “कंदिलावर बसतात का हो? उंच टांगायचा, आत पणती लावायची आणि लांबून बघायचं!”

“चुकलं बाई. पुढच्या खेपेला टांगेन.”

तिसऱ्या आठवड्यात कागदी होड्या झाल्या. गुरुजींनी त्या लिंबाला टांगल्या, प्रत्येकीत पणती लावली आणि कुंपणापाशी जाऊन बघत बसले. होड्या जळाल्या. लिंबाची एक फांदीही गेली.

“अहो देवमाणसा, तळ्यावर न्यायचं, पाण्यात सोडायचं! बुडाली तर धीर सोडायचा नाही. तरंगेपर्यंत पुन्हा करायचं!”

“चुकलं बाई. आता पक्कं ध्यानात ठेवतो.”

साहेबांचा दिवस उजाडला. पोरांनी सायकलची जुनी चाकं आणि बांबू जोडून गाडी केली होती. खरंच झकास झाली होती. गावात मानाचा पाहुणा वेशीपासून मिरवत आणायची रीत. बाई आरतीचं ताट घेऊन शाळेच्या दारात थांबल्या आणि गुरुजींना म्हणाल्या, “साहेबांना गाडीत बसवून आणा.”

साहेब बसले. फेटा, हार, हलगी, सगळं झालं. गुरुजी विचार करू लागले. वस्तू नवी. आज चुकलो तर नोकरी गेली. त्यांनी गाडी तळ्याकडे वळवली.

चौथीतली सगुणा म्हणाली, “गुरुजी, ही गाडी हाय. होडी न्हाई.”

“गप गं. बाईंपेक्षा तुला जास्त कळतं?”

उतार होता. गुरुजींनी गाडी सोडली. फेटा तरंगला. साहेब तरंगले नाहीत.

आरडाओरडा ऐकून बाई ताटासकट धावत आल्या. तोवर गुरुजींनी कमरेएवढ्या पाण्यातून साहेबांना आणि गाडीला बाहेर ओढलं होतं. साहेब खोकत होते, थरथरत होते. “कोण... कोण आहे हा माणूस?”

गुरुजींचा जीव टांगणीला लागला. पण बाईंचा शब्द त्यांना अगदी तोंडपाठ होता. त्यांनी साहेबांचा ओला हार सरळ केला, त्यांना उचलून पुन्हा गाडीत बसवलं आणि मायेनं म्हणाले,

“धीर सोडू नका साहेब. तुम्ही तरंगेपर्यंत आपण पुन्हा करू.”