दूध बघ

“ते सगळं खरं, बुवा. पण दोन्हींत चांगलं कुठलं, तेवढं सांगा.”

माधवगिरीबुवा मठाच्या ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि टरफल बाजूला सारलं.

“दोन्ही म्हणजे?”

भार्गव सुर्वेने सुस्कारा सोडला. आल्यापासून त्याची ही हकिकत दोनदा सांगून झाली होती. पण बुवांनी विचारलं की सांगायचं, ही त्याला वडिलांनी लावलेली सवय. वडील होते तोवर तो त्यांच्याबरोबर या टेकडीवर यायचा. ते गेल्यावर आज पहिल्यांदाच आला होता, तोही अडला हरी होऊन.

त्याने पुन्हा सांगितलं. पुण्यातल्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. आता चाळिशी उलटल्यावर साहेब त्याला अख्ख्या विभागाचा प्रमुख करायला निघाले होते. मोठी खुर्ची, मोठी केबिन आणि दिवसभर मीटिंगा. शिवाय खुर्चीवर बसल्या बसल्या पहिलं काम ठरलेलं होतं. आपल्याच टीममधली कोणती माणसं कमी करायची, ते सांगायचं.

दुसरीकडे निनाद खासनीस. कॉलेजपासूनचा दोस्त. तो नोकरी सोडून स्वतःची छोटी कंपनी काढत होता. लहान गावांतल्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचं म्हणत होता. तिथे केबिन नाही, प्रमुख नाही. दोघांनी शेजारी बसून, पूर्वीसारखा, स्वतःच्या हातांनी कोड लिहायचा.

“मग अडलंय कुठे?”

“दोघांनाही उत्तर उद्या हवंय. उद्या सोमवार.”

“आजवर काय सांगितलंस त्यांना?”

भार्गव जरा चाचरला. “साहेबांना म्हटलं, बघतो.”

“आणि मित्राला?”

“त्यालाही... बघतो म्हटलं.”

“बायकोला?”

“तिलाही तेच.”

बुवांनी आणखी एक शेंग फोडली. तिच्यात एकच दाणा निघाला, तोही सुकलेला. तो त्यांनी तोंडात टाकला.

खरं तर आपल्या भाषेत ‘बघतो’सारखा सोयीचा शब्द दुसरा नाही. सांगणाऱ्याचं काही जात नाही आणि ऐकणाऱ्याला हवं ते मिळतं. साहेबांना त्यात होकार ऐकू आला आणि त्यांनी वरच्या साहेबांना कळवूनही टाकलं. निनादलाही होकारच ऐकू आला. उद्या सकाळी तो आपला राजीनामा देणार होता. भार्गवच्या बायकोला, शर्वरीला, मात्र त्यात नकार ऐकू आला. हा गृहस्थ असाच तळ्यात-मळ्यात करत बसणार आणि शेवटी आहे तिथेच राहणार, हे तिला ठाऊक होतं. ती निर्धास्त होती.

भार्गवला रात्र रात्र झोप येत नव्हती. आपल्या एका शब्दावर तीन माणसांनी तीन घरं बांधली आहेत आणि उद्या त्यातली दोन तरी पडणार, हे त्याला दिसत होतं. निनादच्या दोन मुलींपैकी धाकटी अजून शाळेतही जात नव्हती.

“बघतो म्हणालास,” बुवा म्हणाले. “मग बघितलंस का?”

“बघितलं ना.”

भार्गव हिरिरीने सांगू लागला. त्याने कॉम्प्युटरवर तक्ता केला होता. समाधान, भवितव्य, तब्येत, मुलाचं शिक्षण, सगळ्याला गुण दिले होते. शेवटी दोन्ही बाजूंची बेरीज सारखीच आली. मग त्याने गुण थोडे इकडेतिकडे करून पाहिले. तरी सारखीच. शेवटी त्याने हल्ली सगळ्या प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या त्या बोलक्या यंत्रालाही विचारलं. यंत्राने दोन्ही बाजू फार सुंदर मांडल्या आणि निर्णय तुमचाच, असं नम्रपणे सांगितलं.

“मी तुम्हाला तेच विचारायला आलोय,” तो म्हणाला. “वडील म्हणायचे, बुवांना पुढचं दिसतं.”

बुवा हसले नाहीत. सूप उचलून उठले आणि आत गेले. भार्गवही मागोमाग गेला.

मठाच्या स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती. वर दुधाचं पातेलं. बुवांनी एक लाकूड आत सारलं.

“मी गाईला वैरण टाकून येतो. तोवर दूध बघ.”

भार्गव चुलीसमोर पाटावर बसला. हे काम त्याला बरं वाटलं. एवढ्या मोठ्या टीमा सांभाळणाऱ्याला पातेलंभर दूध काय जड जाणार होतं... त्याने नजर हलवली नाही. कडेने बारीक बुडबुडे आले, ते त्याने पाहिले. मधे साय धरली, तीही पाहिली. आता उतरवावं लागणार, हेही त्याने वेळेवर ओळखलं.

पण कशाने उतरवायचं?

डाव्या हाताला सांडशी पडली होती. ती त्याने उचलून पाहिली. खिळा ढिला होता. ऐनवेळी पातेलं कलंडलं तर? उजव्या हाताला फडकं होतं. ते ओलसर होतं, शिवाय आखूड. ओल्या फडक्यातून चटका लवकर बसतो, असं आई म्हणायची. सांडशीनेच धरावं, पण खालून फडक्याचा आधार द्यावा का? मग पातेलं ठेवायचं कुठे?

दुधाला मीटिंग ठाऊक नव्हती. साय एकदम फुगली, काठावर आली आणि सगळं दूध चुलीत.

धुराने खोली भरली. जळक्या दुधाचा वास सुटला. बुवा दारात येऊन उभे राहिले.

“मी बघत होतो, बुवा,” भार्गव घाईघाईने म्हणाला. “शपथ. एक क्षण नजर हलवली नाही.”

“हो... दिसतंय.”

ते एवढंच म्हणाले. रागावले असते तर भार्गवला बरं वाटलं असतं. त्यांनी विझलेली लाकडं बाहेर काढली, एक चिंधी त्याच्या हातात दिली, एक स्वतः घेतली आणि दोघं चूल पुसायला बसले.

चुलीच्या मातीत दूध मुरलं होतं. कितीही पुसलं तरी पांढरा डाग दिसतच होता.

भार्गवला एकाएकी रडू येईल असं वाटलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

“बुवा, एक बोलू?”

“बोल.”

“मला भीती वाटते. मी मॅनेजर झालो त्याला जमाना झाला. तेव्हापासून कोडची एक ओळ लिहिली नाही. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासतो, चुका काढतो, ऐटीत सांगतो की आमच्या वेळी असं नव्हतं. पण स्वतः लिहायला बसलो तर येईल का, ठाऊक नाही. आता तर निम्मं यंत्रच लिहितं. आणि निनादला वाटतंय, मी अजून तोच आहे, कॉलेजातला.”

“त्याला सांगितलंस हे?”

“नाही.”

“तक्त्यात मांडलंस?”

तक्त्यात हे नव्हतं. सगळं होतं, एवढंच नव्हतं.

“मग आता सांगा ना,” तो काकुळतीला येऊन म्हणाला. “आता तर सगळं सांगितलं तुम्हाला. चांगलं कुठलं?”

बुवांनी चिंधी पिळली.

“जेवून घे.”

दुपारी निघायचं म्हणून आलेला भार्गव निघाला नाही. काय सांगायचं ते ठरल्याशिवाय त्याला पुण्याची वाट नको वाटत होती. तो टेकडीच्या कडेला जाऊन बसला, उठला, पुन्हा बसला. साहेबांची खुर्ची डोळ्यांपुढे आली की मान ताठ व्हायची, आणि लगेच आपल्या टीममधले चेहरे आठवून ती खाली जायची. निनाद आठवला की हुरूप यायचा आणि मागोमाग त्याच्या मुली आठवायच्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बुवांना पुढचं खरंच दिसतं का, की वडिलांचीच भाबडी समजूत, अशीही शंका त्याला येऊन गेली. ते निदान एक शब्द तरी बोलले असते.

दिवेलागणीला बुवांनी गाईची धार काढून आणली. पातेलं चुलीवर चढवलं.

“मी देवापाशी दिवा लावून येतो,” ते म्हणाले. “दूध बघ.”

या खेपेला भार्गव तयारीत होता. एकदा ठेच लागली की माणूस शहाणा होतो, आणि भार्गव तर प्रत्येक चुकीवर नंतर बैठक घेणाऱ्या खात्यातला. त्याने सांडशीचा खिळा दगडाने ठोकून घट्ट केला. फडकं आचेवर धरून वाळवलं. मग दोन्ही पाटाच्या दोन बाजूंना मांडून ठेवली आणि मधे बसला. सांडशी चांगली की फडकं, एवढं काही अजून ठरलं नव्हतं. पण दूध तापायला अवकाश होता.

मठात फोनला रेंज यायची ती फक्त या चुलीजवळच्या खिडकीपाशी. तिथेच त्याच्या खिशातला फोन वाजला.

निनाद होता.

“भार्गव, उद्या सकाळी देतोय राजीनामा. तू येतोयस असं धरून चाललोय मी. बरोबर ना?”

तोंडात शब्द तयार होता. इतक्या दिवसांचा सराव. जीभ टाळूला लागलीसुद्धा...

आणि साय हलली.

कडेचे बुडबुडे मधे आले. साय एका बाजूने उचलली गेली. भार्गवला ती दिसली. दुसरं काहीच दिसेना, खुर्ची नाही, केबिन नाही, तक्ता नाही.

“निनाद, ऐक. मला कोड येतो की नाही, आता मलाच ठाऊक नाही. किती वर्षांत लिहिलेला नाही. तुला सांगायची लाज वाटत होती. हे ऐकून नको म्हणालास तरी चालेल. पण मी येतो.”

हे आपणच बोललो, याचं भार्गवला नवल वाटलं. बोलण्याआधी काही ठरलं नव्हतं. बोलल्यावरही ते बरोबर की चूक, कळत नव्हतं. साहेबांना तोंड द्यायचं होतं, शर्वरीला सांगायचं होतं, आणि ते काही सोपं नव्हतं.

“आधी बोलायचंस की रे,” निनाद हळूच म्हणाला. “मी महिनाभर तुझ्या तोंडाकडे बघतोय. काहीतरी लपवतोयस, एवढं कळत होतं.”

“चुकलं माझं.”

“...बरं. येतो म्हणालास ना? मग उद्या देतो मी राजीनामा.”

फोन बंद झाला. आता माघार नव्हती. ‘येतो’ या शब्दाचे कुणालाही दोन अर्थ लागत नाहीत, हे भार्गवच्या तेव्हा ध्यानात आलं.

बोटं का हुळहुळताहेत म्हणून त्याने हात पाहिला. तीन बोटांची टोकं लालबुंद झाली होती.

मग त्याने चुलीकडे पाहिलं. चुलीवर पातेलं नव्हतं. ते खाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर होतं, काठोकाठ भरलेलं, वर सबंध साय. ते कधी उतरवलं, कुठल्या हाताने, त्याला काही केल्या आठवेना.

बुवा दिवा लावून आत आले. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. पाटाच्या एका बाजूला सांडशी होती तशीच होती. दुसऱ्या बाजूला फडकं, त्याची घडीही मोडली नव्हती. मग त्यांनी भार्गवचा हात आपल्या हातात घेतला आणि भाजलेल्या बोटांवर फुंकर घातली.

“काय रे,” ते म्हणाले, “दोन्हींत चांगलं कुठलं निघालं? सांडशी, की फडकं?”